वाचकांचे प्रश्न : जुन्या वस्तऱ्याचं वय कसं काढायचं?

वस्तऱ्यांबद्दलची पत्रं या वेळी इतकी आली की संपूर्ण सदर त्यांनाच दिलं आहे. उत्तरांत वारंवार येणारे काही शब्द आधी ठरवून घेऊ. धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड म्हणजे पाठ. पातं संपतं तिथपासून खिळीपर्यंतचा, म्हणजे पातं मुठीला जोडणाऱ्या पिनेपर्यंतचा, बिनधारेचा भाग म्हणजे मान. कारागिराचे ठसे बहुतेक इथेच असतात. खिळीच्या मागे बाहेर डोकावते ती शेपटी. दोन पट्ट्यांची मिळून मूठ होते आणि मुठीच्या बुडाशी त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवलेला तुकडा म्हणजे पाचर.

प्रश्न : जुन्या पेटीत एक वस्तरा सापडला. मानेवर अक्षरं आहेत, पण गंजामुळे लागत नाहीत. वय कळण्यासाठी सुरुवात कुठून करावी?

घासण्यापासून मात्र करू नका. आधी पात्याच्या धारेवर कागदी चिकटपट्टी लावा; जुना वस्तरा बोथट दिसला तरी बोट कापायला पुरेसा असतो. मग खोलीत अंधार करा आणि टॉर्च मानेला जवळजवळ समांतर, फार तर १०-१५ अंश वर धरा. समोरून पडलेल्या प्रकाशात सपाट वाटणाऱ्या धातूवर या आडव्या उजेडात ठोकलेल्या अक्षरांच्या कडा सावली टाकतात. टॉर्च चारही बाजूंनी फिरवा आणि प्रत्येक बाजूचा एक फोटो घ्या. एका फोटोत अक्षराचा उभा दांडा उमटतो, दुसऱ्यात आडवा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की शब्द जुळतो. तरीही न जमल्यास मानेवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवा.

पात्यावरची नक्षी वेगळ्या जातीची असते. ती ठोकलेली नसते, आम्लाने कोरलेली असते आणि वापराने पुसट होते. तिच्यावर तोंडाची वाफ सोडा. कोरलेल्या आणि न कोरलेल्या जागेवर वाफ वेगवेगळी बसते, आणि दोन-तीन सेकंद अक्षरं स्पष्ट दिसतात. तेवढ्यात वाचून घ्या आणि पातं लगेच कोरडं पुसा.

मानेच्या दोन्ही बाजू पाहा. एका बाजूला कारागिराचं नाव आणि दुसरीकडे विकणाऱ्याचं, असं पुष्कळदा असतं. विकणाऱ्याचं नाव कारागिराचं समजून शोध घेतला तर महिनोन्‌महिने हाती काही लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. वस्तऱ्यावरच्या सर्वांत जुन्या खुणेला लोक वय समजतात; खरं तर सर्वांत नवी खूण वय ठरवते. आकार १८३०चा, ठसा १७८७ पासून चालत आलेला आणि देशाचं नाव १८९१ नंतरच्या पद्धतीचं असेल, तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा. जुना आकार आणि जुना ठसा पुढच्या पिढ्या वापरत राहू शकतात. पुढे येणारी खूण आधीच्या पिढीला माहीत असणं शक्य नाही. म्हणून प्रत्येक खुणेपुढे “याच्या आधीचं नाही” असं एक वर्ष लिहा आणि त्यांतलं सर्वांत अलीकडचं वर्ष धरा. त्यानंतर “याच्या नंतरचं नसावं” असं दुसरं टोक आकार आणि घासणी (पात्याच्या बाजू घासून दिलेला छेद) यांवरून काढा. उत्तर नेहमी “१८२० ते १८४०” अशा कालखंडात येतं. त्याहून नेमकं वर्ष कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला आधार विचारा.

प्रश्न : माझ्या वस्तऱ्यावर मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना व्ही आणि आर ही अक्षरं आहेत. हा राणी व्हिक्टोरियाच्या घराण्यातला असू शकेल का?

नाही, पण तारखेसाठी ती खूण फार उपयोगी आहे. ही अक्षरं राज्यकर्त्याच्या नावाची. इंग्लंडमधल्या, विशेषतः शेफील्डच्या कारागिरांनी ती सर्रास ठोकली. राजघराण्याची अधिकृत नेमणूक असणारे त्यांतले थोडेच. व्ही आर म्हणजे १८३७ ते १९०१. डब्ल्यू आर असेल तर राजा चौथा विल्यम, म्हणजे १८३० ते १८३७, अवघी सात वर्षं. हा मिळाला तर कालखंड इतका आवळला जातो की बाकी खुणा फक्त पडताळणीला उरतात.

जी आर असेल तर मात्र सावध राहा. तिसरा आणि चौथा जॉर्ज मिळून १७६० ते १८३० झाले, पण पाचवा जॉर्ज १९१० मध्ये गादीवर आला. जुना जॉर्ज की नवा, हे आकार सांगतो: आखूड शेपटीचं, सरळ उतरत्या बाजूंचं पाचरीसारखं पातं असेल तर जुना, आत दबलेल्या बाजूंचं खोलगट घासलेलं पातळ पातं असेल तर नवा. “हिज मॅजेस्टी” आणि “हर मॅजेस्टी” या शब्दांचा हिशोबही असाच करा. “हर” म्हणजे बहुधा व्हिक्टोरिया. “हिज” म्हणजे १८३७ च्या आधी किंवा १९०१ च्या नंतर.

प्रश्न : पात्यावर “कास्ट स्टील” असं लिहिलंय. म्हणजे हे ओतीव लोखंड आहे का? आणि त्यावरून काळ कळतो का?

ओतीव लोखंड, म्हणजे बीड, नव्हे. बीड ठिसूळ असतं, त्याचा वस्तरा होत नाही. इथे अर्थ मुशीत वितळवून केलेलं पोलाद असा आहे. शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात ही पद्धत बसवली. त्याआधीचं पोलाद लोखंडाच्या पट्ट्या कोळशात दिवसेंदिवस तापवून केलं जाई. कार्बन वरच्या थरात जास्त आणि गाभ्यात कमी शिरे, त्यामुळे धार एकसारखी लागत नसे. मुशीत सगळं वितळून एकजीव झालं आणि धार टिकू लागली. म्हणूनच कारागीर ते शब्द अभिमानाने ठोकत. अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते खूप दिसतात. पुढे मुशीतलं पोलाद इतकं नित्याचं झालं की वेगळं सांगण्यात काही विशेष उरलं नाही. फ्रेंच वस्तऱ्यांवर “आसिए फोंद्यू” दिसलं तर अर्थ तोच.

प्रश्न : “सिल्व्हर स्टील” लिहिलेल्या वस्तऱ्यात खरंच चांदी असते का?

बहुतेकांत नसते. कटलरी बनवणारे जेम्स स्टोडार्ट आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले आणि आपले निष्कर्ष १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध केले. चांदी अगदी थोड्या प्रमाणातच पोलादात मुरते, असं त्यांना आढळलं. त्या प्रयोगांचा गाजावाजा झाला आणि “सिल्व्हर स्टील” हे नाव विक्रीसाठी धरलं गेलं. त्यामुळे हे शब्द असलेला वस्तरा १८२० च्या आधीचा मानू नये. चांदीसाठी जास्त पैसे मोजण्याचं मात्र काही कारण नाही. त्याच काळातलं “इंडिया स्टील” हे भारतातल्या वुट्झ पोलादाच्या कीर्तीवर बेतलेलं नाव आहे. स्टोडार्ट स्वतः वुट्झ वापरत, पण त्या ठशावरून पात्यात वुट्झच आहे असं सिद्ध होत नाही.

प्रश्न : माझ्या वस्तऱ्यावर दोन जुळ्या माणसांची आकृती आहे. हा ठसा १७३१ सालचा आहे असं वाचलं. म्हणजे वस्तरा जवळजवळ ३०० वर्षांचा?

ठसा तेवढा जुना आहे, वस्तरा नाही. जर्मनीतल्या सोलिंगेनच्या हेंकेल्स घराण्याने जुळ्यांची खूण १७३१ मध्ये नोंदवली आणि ती आजही वापरात आहे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा तारा आणि माल्टीज क्रॉस यांचा ठसा १६८२ चा, आणि पुढे शेफील्डच्याच वोस्टनहोम कंपनीकडे गेलेला “आय एक्सएल” १७८७ चा. ही खूण वस्तरा कोणी केला ते सांगते, कधी केला ते नाही. पात्यावर सरळ एखादं साल कोरलेलं असेल तरी ते सहसा स्थापनेचं, पेटंटचं किंवा प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचं असतं. त्यांतलं पदकाचं साल कामाचं: १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचा उल्लेख असेल तर वस्तरा १८५१ च्या आधीचा नक्कीच नाही.

सोलिंगेनच्या वस्तऱ्यांत ठशापेक्षा त्याच्या आजूबाजूचे छोटे शब्द बोलके असतात. “डी.आर.पी.” म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, १८७७ पासून. “डी.आर.जी.एम.” म्हणजे उपयुक्त नमुन्याची नोंदणी, १८९१ पासून. दोन्ही १९४५ पर्यंत. “वेस्ट जर्मनी” असेल तर १९४९ ते १९९०. सोलिंगेन या नावाला १९३८ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. त्याआधी त्या नावाचा गैरवापरही होत असे, म्हणून फक्त “सोलिंगेन” एवढ्या शब्दावर विसंबू नका. “रॉस्टफ्राय” किंवा “स्टेनलेस” म्हणजे न गंजणारं पोलाद. हॅरी ब्रिअर्लीने ते शेफील्डमध्ये १९१३ मध्ये सिद्ध केलं, तेव्हा हे शब्द असलेला वस्तरा त्यानंतरचाच.

प्रश्न : “इंग्लंड” लिहिलं असेल तर १८९१ नंतरचा, असं सगळे सांगतात. हे किती खरं?

अर्धं खरं. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असणं बंधनकारक केलं आणि मार्च १८९१ पासून ते लागू झालं. अमेरिकेकडे प्रचंड माल जात असल्याने “शेफील्ड इंग्लंड” किंवा “जर्मनी” हे शब्द सर्वत्र दिसू लागले. पण कायदा अमेरिकेचा होता. दुसऱ्या देशात जाणाऱ्या किंवा घरच्या बाजारातल्या वस्तऱ्यावर ते शब्द नसले तर तो १८९१ च्या आधीचा ठरत नाही. उलट, देशाचं नाव त्याआधीही कुणीकुणी हौसेने घालत असे. खूण असल्यास १८९१ नंतरची शक्यता मोठी, खूण नसल्यास निष्कर्ष काहीच नाही, असं धरून चाला. “मेड इन” हे शब्द पूर्ण असतील तर विसाव्या शतकाकडे वळा. “ट्रेड मार्क” हे शब्द असतील तर बहुधा ब्रिटनच्या १८७५ च्या नोंदणी कायद्यानंतरचा काळ.

प्रश्न : वस्तऱ्यावर एकही ठसा नाही. मग काय करायचं?

मग वस्तऱ्याचं अंगच वाचायचं. खरं सांगायचं तर ठसा असला तरी हेच आधी करावं, कारण आकाराची नक्कल ठशाइतकी सहज होत नाही.

शेपटीपासून सुरुवात करा. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्याला शेपटी नसतेच किंवा मान मागे निमुळती होऊन एक ठोंबासारखं टोक उरतं. वस्तरा उघडायला बोट लावायला जागा जवळजवळ नसते. १८०० च्या आसपास शेपटी लांबू लागते आणि १८२०-३० नंतर ती खिळीपासून स्पष्ट बाहेर येऊन वर किंवा खाली वळते. मानेच्या खालच्या अंगावर अंगठा घसरू नये म्हणून काढलेल्या बारीक खाचा साधारण त्याच सुमारापासून दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मान आणि पातं यांच्यामध्ये स्पष्ट खांदा येतो. त्याच्या आधीच्या पात्यात मान थेट पात्यात विरघळते.

त्यानंतर पात्याचा छेद. पातं टोकाकडून डोळ्यासमोर धरा (धारेवर चिकटपट्टी असू द्या) आणि दोन्ही बाजूंची रेघ पाहा. पाठीपासून धारेपर्यंत जवळजवळ सरळ असेल तर पाचरीसारखी घासणी; साधारण १८५० च्या आधीची, अर्थात जड पाती त्यानंतरही होत राहिली. बाजू आत दबलेल्या असतील तर खोलगट. या फरकाचं कारण घासण्याच्या चाकात आहे. चाक मोठं असेल तर त्याचा वाक पात्यावर नाममात्र उतरतो. लहान चाकावर पातं खोल पोखरलं जातं. पूर्ण खोलगट पात्याचं काम सोलिंगेनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तरबेज केलं. त्या पात्याची धारेकडची बाजू कागदासारखी पातळ असते. पाठीवर नखाने टिचकी मारली तर ते किणकिणतं. पाचरीसारखं पातं टिचकीला ठप्प आवाज देतं. हे एकदा ऐकलं की विसरत नाही.

रुंदीवरून काळ नेमका ठरत नाही, पण दिशा मिळते. रुंदी पाठीपासून धारेपर्यंत मोजतात आणि इंचाच्या आठव्या भागांत सांगतात: ५/८ म्हणजे सुमारे १६ मिमी, ६/८ म्हणजे १९, ७/८ म्हणजे २२ आणि ८/८ म्हणजे २५ मिमी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शेफील्डने जड आणि रुंद पाती बरीच केली. वेड अँड बुचर हे त्यांतलं ठळक नाव. विसाव्या शतकात ५/८ हे नित्याचं माप झालं. मात्र पातं दगडावर झिजून अरुंद होतं, म्हणून आज मोजलेली रुंदी मूळ असेलच असं नाही. पाठीवरची चकचकीत सपाट पट्टी जितकी रुंद, तितकी झीज जास्त.

प्रश्न : पांढरी मूठ हस्तिदंताची आहे का ते घरी कसं कळेल? गरम सुई टोचून पाहावी का?

सुई अजिबात टोचू नका. पांढऱ्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. भिंग पुरेसं आहे, दहा पट असलं तर उत्तम.

हाडात बारीक काळपट ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. रक्तवाहिन्यांच्या पोकळ्या कापल्या गेल्याने त्या उरलेल्या असतात. हस्तिदंतात असे ठिपके नसतात. लांब, किंचित लहरी आणि असमान रेषा मात्र असतात. कडेच्या छेदात, खिळीच्या भोकाजवळ नीट पाहिलं तर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी कधी दिसते. सेल्युलॉइडमध्ये हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या रेषा असतात. त्या समांतर आणि सारख्या अंतराच्या, आखल्यासारख्या. ही नियमितताच त्याची ओळख. अंगठ्याने ३० सेकंद जोरात घासून वास घ्या: कापराचा वास आला तर सेल्युलॉइड.

काळासाठी: सेल्युलॉइड १८७० च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आलं, म्हणून मूळ सेल्युलॉइडच्या मुठीचा वस्तरा त्याआधीचा असू शकत नाही. काळी मूठ शिंगाची नसून कडक रबराची असेल तर १८५० नंतरची. घासल्यावर गंधकाचा वास येतो आणि उजेडात राहिलेली बाजू तपकिरी पडते. शिंगाची मूठ सर्वच काळात होती. तापवून साच्यात दाबलेली नक्षी असलेली शिंगाची पट्टी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय होती. कासवाच्या कवचाची मूठ पातळ, पारदर्शक आणि ढगाळ डागांची असते. तिचीही सेल्युलॉइड नक्कल भरपूर आहे आणि अस्सल कवचात डागाच्या कडा विरळ होत जातात.

हस्तिदंत किंवा कवच असल्याची खात्री झाली तर ती वस्तू विकण्यापूर्वी किंवा देशाबाहेर नेण्यापूर्वी आपल्या इथले वन्यजीव नियम तपासा. वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या साइट्स करारानुसार दोन्हींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत आणि “जुनं आहे” हे केवळ म्हणून भागत नाही.

सेल्युलॉइडचा एक रोग सांगितलाच पाहिजे. ते सडतं. आधी बारीक भेगांची जाळी पडते, मग ओलसर चिकटपणा, उग्र आंबट वास, आणि बाहेर पडणाऱ्या आम्लाच्या वाफेने खिळी हिरव्या पडतात. वस्तरा मिटलेला असताना पात्याचा जो भाग मुठीत असतो, तेवढाच काळा-तांबडा खाल्लेला दिसेल. हे दिसलं की मूठ वाचत नाही, पात्याला वाचवा: दोन्ही वेगळे करा, मूठ इतर वस्तऱ्यांपासून दूर, हवा खेळेल अशा जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केल्यास वाफ आत कोंडते आणि सड वेगाने पसरते.

प्रश्न : मूठ आणि पातं मुळातलं एकत्र आहे की नंतर जोडलंय, हे कसं ओळखायचं?

वस्तरा अर्धा उघडून मुठीच्या आतल्या बाजूला उजेड टाका. पातं दीर्घकाळ त्याच मुठीत राहिलं असेल तर आतल्या पृष्ठभागावर पात्याच्या आकाराची फिकट सावली किंवा गंजाचा डाग असतो. सावलीचा आकार आणि पातं एकमेकांत बसलं पाहिजे. सावली अरुंद आणि पातं रुंद असेल तर मूठ दुसऱ्या पात्याची. सावली मुळीच नसेल आणि आतली कड ताज्या रंगाची असेल तर मूठ नवी.

नंतर खीळ. मूळ खीळ ठोकून बसवलेली, घुमटासारखी गोल, हातोडीच्या बारीक पैलूंसह. तिच्याखाली लहान वायसर. स्क्रू दिसला की बदल झाला हे निश्चित. मूठ मिटवल्यावर पातं दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत नसेल, किंवा टोक मुठीच्या बाहेर राहत असेल, तर संशय घ्या. जुन्या पाचरी बहुधा शिशाच्या असत आणि करड्या मऊ दिसतात. चकचकीत प्लास्टिकची पाचर अठराव्या शतकातल्या मुठीत असणं शक्य नाही. पूर्वी मूठ तुटली की बदलत, कारण पातं महाग आणि मूठ स्वस्त. त्यामुळे जुन्या काळीच बदललेली मूठ म्हणजे फसवणूक नव्हे. फक्त मुठीच्या वयाला पात्याचं वय मानू नका.

प्रश्न : गंज काढायचा आहे. किती काढावा, आणि कसा?

तांबडा गंज काढा, काळपट-राखाडी डाग राहू द्या. तांबडा पसरत राहतो; काळा थर बहुतांशी स्थिर असतो आणि तो घासून काढला तर ठशाच्या कडा त्याच्याबरोबर जातात. ठसा बोथट झालेल्या वस्तऱ्याचं वय मग कधीच कळत नाही.

पातं फळीवर सपाट ठेवा, शिलाई मशीनचं तेल लावून एक दिवस मुरू द्या. दुसऱ्या दिवशी सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्य क्रमांकाची स्टील वूल तेलातच भिजवून पाठीकडून धारेकडे, नेहमी धारेपासून बाहेर जाईल अशी फिरवा. कधीही उलट नको: धार स्टील वूलमध्ये अडकते आणि हात सुटतो. मानेवरच्या ठशाभोवती लाकडी दातकोरणी वापरा, स्टील वूल नको. धातू पॉलिश वापरलीत तर ती ठशाच्या अक्षरांत बसून पांढरी होते, आणि सोनेरी मुलामा असलेली कोरीव अक्षरं दोन-चार फटक्यांत नाहीशी होतात.

सँडपेपर आणि फिरतं यंत्र दूर ठेवा. यंत्राने पातं तापतं, आणि धारेजवळची पातळ पट्टी क्षणात दोनशे अंश ओलांडून निळसर पडते. पोलादाला दिलेलं पाणी तिथे उतरतं, मग कितीही पाजवलं तरी धार टिकत नाही. खिळीत पाणी जाऊ देऊ नका. गेलंच तर कापडाने टिपून उघडा वस्तरा दिवसभर तसाच ठेवा आणि शेवटी तेलाचा एक थेंब खिळीत सोडा. अमोनिया असलेली रसायनं शिंग, सेल्युलॉइड आणि पितळ तिघांचं नुकसान करतात.

प्रश्न : वय कळलं. आता त्याने दाढी करता येईल का?

आधी भिंगाने पात्याची तपासणी करा. मानेजवळ, टोकाजवळ आणि धारेपासून वर जाणारी एकही केसाएवढी भेग असेल तर तो वस्तरा फक्त पाहण्यासाठी ठेवा. भेग नसेल तर मोजमाप. व्हर्निअरने पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी घ्या. जाडी ४.५ मिमी आणि रुंदी १६ मिमी असेल तर धारेचा कोन सुमारे १६ अंश येतो, जो उत्तम. तीच जाडी असताना पातं झिजून १३ मिमी उरलं असेल तर कोन २० अंशांवर जातो आणि वस्तरा केस कापण्याऐवजी ओढतो. पाठ झिजून ३.५ मिमी आणि रुंदी १५ मिमी उरली तर कोन साडेतेरा अंशांपर्यंत उतरतो, धार लवकर तुटते. पाठीवर चिकटपट्टीचा एक थर लावून पाजवल्याने कोन थोडा वाढवता येतो. धार मधे आत वळलेली, म्हणजे दोन टोकं पुढे आणि मध्य मागे, अशी असेल तर अनुभवी माणसाकडेच द्या. चुकीच्या हाती दगडावर उरलेलं पातंही जाईल.

प्रश्न : सात दिवसांचे सात वस्तरे असलेला डबा विकत घेताना काय बघावं?

पाठींवर आठवड्याचे वार कोरलेले असतात. सातही पात्यांची घासणी, मानेची लांबी, शेपटीचं वळण आणि ठशाची अक्षरशैली सारखीच हवी. एकच पातं बदललेलं असेल तर बहुधा वार वेगळ्या अक्षरात असतो किंवा पाठीची झीज इतरांपेक्षा ठळकपणे कमी दिसते. डब्यातल्या खाचा पात्यांना किती जुळतात तेही पाहा. सैल खाच म्हणजे दुसऱ्याचं पातं.

प्रश्न : जुना म्हणून नवा वस्तरा विकतात. ओळखण्याची हमखास खूण?

हमखास अशी एकच खूण नाही, चार मिळून कौल देतात. ठसा पाहा: ठोकलेल्या ठशात अक्षरांची खोली कमी-जास्त असते आणि कडेला धातूचा बारीक उठाव असतो, लेसरने कोरलेलं अक्षर सर्वत्र एकाच खोलीचं, तळाशी खरखरीत आणि कडेला जळल्यासारखं असतं. पात्यावर थरांच्या पोलादात दिसतात तशा “दमास्कस” लहरी असतील, तर त्या पाठीवर आणि पात्याच्या कडेवरही सलग जातात का ते बघा. फक्त बाजूला असतील तर छापलेल्या. मुठीवर कोरीव जहाज किंवा चित्र असेल आणि रेषांत काळा रंग एकसारखा भरलेला असेल, तर कडेवर साच्याची सरळ शिवण शोधा, ती ओतीव प्लास्टिकची निशाणी आहे. आणि गंज पाहा: खरा गंज खिळीजवळ, मानेच्या कोपऱ्यांत आणि मुठीच्या आत अधिक असतो, उघड्या सपाट जागी कमी. रसायनाने आणलेला गंज सर्वत्र सारखा, अगदी बोटांनी घासली जाणारी शेपटीही सोडत नाही.

चारांपैकी दोन चुकल्या तर विकत घेऊ नका. विकणाऱ्याला आडव्या उजेडातला मानेचा फोटो मागा, आणि तो मिळेपर्यंत पैसे देऊ नका.